उजेडाची वाट पाहत थांबायचं का?

*नमस्कार डॉक्टर. माझी मुलगी ११ वर्षांची आहे. जन्मतःच स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीचा कणा नीट मिटलेला नव्हता. पाठीचं ऑपरेशन पहिल्याच आठवड्यात झालं, डोक्यात शंट आहे, म्हणजे डोक्यातलं पाणी पोटात उतरवणारी नळी. ती ४ वर्षांची असल्यापासून आम्ही दर तीन-चार तासांनी कॅथेटर घालून लघवी काढतो. आता ती स्वतः करायला शिकते आहे. मूत्राशय सैल करणारं ऑक्सिब्युटिनिन चालू आहे. मूत्राशयात बोटॉक्सचं इंजेक्शन दोनदा झालं, दुसऱ्या वेळी काहीच फरक पडला नाही. गेल्या महिन्यात युरोडायनॅमिक तपासणी केली, मूत्राशय भरत दाब मोजतात ती. ११० मिली भरल्यावरच दाब ४५ च्या वर गेला आणि सोनोग्राफीत डाव्या किडनीची सूज वाढलेली दिसली. सर्जन म्हणतात, आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठं करावं लागेल. माझ्या दिरांनी कुठेतरी वाचलं की आतड्याच्या आतल्या अस्तरावर विशिष्ट प्रकाश टाकून ते नष्ट करतात, मग चिकट स्राव, मुतखडे, रक्तातलं आम्ल असला कुठलाच त्रास उरत नाही. त्यांचं म्हणणं, दोन-तीन वर्षं थांबा, हे तंत्र येईलच. तोवर पोटावर बांधायला त्यांनी लाल दिव्यांचा एक पट्टाही आणून दिलाय. थांबू का? आणि लेक विचारते, "आतडं लावलं तर माझ्या लघवीला शीचा वास येईल का?" तिला काय सांगू? — एक आई*

ताई,

थांबू नका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही.

आता कारणं. तुमच्या पत्रातले दोन आकडे मी वहीत उतरवून घेतले: ११० आणि ४५. मुलांच्या मूत्राशयाची क्षमता काढायचा आमचा एक घरगुती हिशेब आहे. वयात २ मिळवायचे आणि ३० ने गुणायचं. ११ वर्षांच्या मुलीचं मूत्राशय साधारण ३९० मिलीचं असायला हवं. तुमच्या लेकीचं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही नाही. तरी नुसतं लहान असतं तर एवढी घाई केली नसती, कॅथेटर जरा लवकर लवकर घातला असता. खरा घोर त्या ४५ चा आहे. निरोगी मूत्राशय भरत जातं तेव्हा सैल होत जातं, आतला दाब फारसा वाढतच नाही. मज्जातंतूंचे निरोप नीट न पोचलेलं मूत्राशय मात्र वर्षानुवर्षं आखडत जातं, त्याच्या भिंती जाड होतात आणि थोडी लघवी साठली की ते मुठीसारखं आवळतं. आतला दाब पाण्याच्या ४० सेंटीमीटरच्या वर राहू लागला की किडनीकडून खाली येणाऱ्या लघवीला वाट मिळत नाही. ती वरच तुंबते. डाव्या किडनीची सूज म्हणजे ही तुंबलेली लघवी. किडनीचा जो भाग असा दबून मरतो तो परत येत नाही, आणि दुखत तर मुळीच नाही. घरात सगळं ठीक वाटत असताना हे चालू असतं.

म्हणून प्रश्न "साधी शस्त्रक्रिया की उजेडाची शस्त्रक्रिया" असा नाहीच. डावी किडनी किती दिवस कळ काढेल, हा प्रश्न आहे.

तरीही दिरांना मी खोटं पाडणार नाही. त्यांनी वाचलेली कल्पना खरी आहे आणि, माझ्या मते, आमच्या शाखेतल्या देखण्या कल्पनांपैकी एक आहे. ती नीट समजून घेतलीत तर ती तुमच्या लेकीच्या वेळेत का बसत नाही हेही तुमचं तुम्हालाच कळेल.

मूत्राशयाला आतड्याचं ठिगळ लावायची कल्पना फार जुनी. १८८८ मध्ये इटलीत टित्सोनी आणि फोज्जी या दोघांनी कुत्र्यांवर हा प्रयोग केला आणि त्याच शतकाच्या शेवटी मिकुलिच यांनी तो माणसावर केला. सुरुवातीला आतडं नळीसारखंच जोडायचे. आतड्याला काही आपण कुठे आलोय हे माहीत नसतं. ते आपलं लाटेसारखं आवळत राहायचं आणि लघवी गळायची. १९५९ मध्ये गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आतडं उभं चिरून, उलगडून, वाटीसारखं शिवून लावायची पद्धत मांडली. आजही मूळ तत्त्व तेच आहे. लहान आतड्याचा २० ते ४० सेंटीमीटरचा तुकडा घेतात, पण त्याचा रक्तपुरवठा तोडत नाहीत. ज्या पडद्यातून रक्तवाहिन्या येतात तो तसाच ठेवून, पतंगाला दोर असावा तसा, तुकडा खाली आणतात. उरलेली दोन टोकं एकमेकांना जोडून आतड्याची वाट पुन्हा सुरू करतात. मग तुकडा चिरून सपाट करतात आणि मूत्राशय शिंपल्यासारखं उघडून त्यावर शिवतात.

मी हे ऑपरेशन पहिल्यांदा जवळून पाहिलं ते शिकाऊ असताना, हातात रिट्रॅक्टर धरून. ओल्या गॉजवर ठेवलेला तो उघडलेला तुकडा गुलाबी, मखमली दिसत होता आणि शांत बसायला तयार नव्हता. कडेने सारखा वळवळत होता. माझ्या सरांनी बोटानं त्याच्या आतल्या बाजूवरून हलकेच पुसलं आणि बोटाला लागलेला चिकट धागा मला दाखवला. म्हणाले, "हे बघून ठेव. पुढची पन्नास वर्षं ही मुलगी हे धुणार आहे."

तो धागा म्हणजेच तुमच्या दिरांच्या लेखाचा विषय. आतड्याला दोन मुख्य भाग असतात असं समजा. बाहेरून स्नायू आणि आतून ती मखमल, म्हणजे श्लेष्मल अस्तर. आपल्याला हवा असतो स्नायूचा सैल, रक्तपुरवठा असलेला पडदा. मखमल सोबत फुकट येते आणि आपला जुना धंदा सोडत नाही. तिचा धंदा दोन प्रकारचा. एक, चिकट स्राव बनवायचा. तो साठला की कॅथेटर तुंबतो, त्यात जंतू राहतात, त्याच्याभोवती खडे धरतात. दोन, समोर येईल ते शोषून घ्यायचं. आता तिच्यासमोर अन्नाच्या जागी लघवी असते, म्हणून किडनीने मोठ्या कष्टाने बाहेर टाकलेलं अमोनियम आणि क्लोराइड ती परत रक्तात घेते. रक्तातली आम्लता वाढते. शरीर ती आम्लता मारायला हाडांतला क्षार वापरतं. वाढत्या वयाच्या मुलीत याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. यावर उपाय आहे. रक्ततपासणीत बायकार्बोनेट कमी आलं तर सोडा बायकार्बच्या गोळ्या देतात आणि बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं.

पण हे भागतं कोणाचं? ज्यांच्या किडन्या धडधाकट आहेत त्यांचं. परत शोषलेलं आम्ल पुन्हा बाहेर टाकायचं काम किडनीचंच. दोन-तीन वर्षं थांबून किडनी थकवलीत तर मग आतड्याचं ठिगळही तिला जड जाईल. म्हणजे थांबण्याने आजची शस्त्रक्रिया पुढे ढकलली जात नाही, ती अधिक धोक्याची होते. दिरांना हे एक वाक्य जरूर वाचून दाखवा.

तर, त्रासाची मुळं बऱ्याच अंशी मखमलीत आहेत म्हटल्यावर ती खरवडून फक्त स्नायू लावू, हे सर्जनांच्या डोक्यात आलंच. करून पाहिलंही. पण मखमल म्हणजे केळीची साल नव्हे. तिच्या तळाशी बारीक बारीक खळगे असतात आणि तिला नव्याने जन्म देणाऱ्या पेशी त्या खळग्यांत बसलेल्या असतात. खरवडणं वरवरचं झालं तर काही आठवड्यांत मखमल परत उगवते. खोल झालं तर खालचा रक्तवाहिन्यांचा थर फाटतो, जखम भरताना व्रण धरतो आणि ठिगळ आक्रसतं. मूत्राशय मोठं करायला लावलेला पडदा महिन्या-दोन महिन्यांत टोपीएवढा उरला, असं प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं. चाकूला हे दोन थर वेगळे करता येतात, पण इतक्या नाजूकपणे नाही.

इथे उजेड येतो. त्याची मूळ गोष्ट १९०० सालची. म्युनिकमध्ये ओस्कर राब नावाच्या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की ॲक्रिडिन नावाचा रंग पाण्यात टाकला तर त्यातले सूक्ष्मजीव कधी पटकन मरतात, कधी नाही. फरक उजेडाचा होता. नुसता रंग किंवा नुसता उजेड त्यांना फारसं काही करत नव्हता. दोन्ही एकत्र आले की मरण. याला आता फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात. त्वचेच्या काही आजारांत आणि काही कर्करोगांत ती रीतसर वापरात आहे.

आतड्याच्या बाबतीत जे औषध वापरून पाहिलं गेलं त्याचं नाव अमिनोलेव्हुलिनिक ॲसिड, थोडक्यात एएलए. हा परका पदार्थ नाही. रक्तातला लाल रंग बनवताना शरीर तो स्वतःच तयार करतं. तो बाहेरून जास्तीचा दिला की पेशींमध्ये प्रोटोपॉर्फिरिन नावाचा मधला टप्पा साठून राहतो, आणि तो स्नायूपेक्षा मखमलीत कितीतरी जास्त साठतो. कल्पनेचं सगळं सौंदर्य या एका गोष्टीत आहे. मग ६३५ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश टाकला की प्रोटोपॉर्फिरिन तो शोषतं, शेजारच्या ऑक्सिजनला चेतवतं आणि हा चेतलेला ऑक्सिजन जिथे जन्मला त्याच पेशीला मारतो. त्याचं आयुष्य इतकं क्षणाचं असतं की शेजारच्या पेशीपर्यंत पोचायलाही त्याला वेळ मिळत नाही. म्हणजे प्रकाश दोन्ही थरांवर पडला तरी मरते ती मखमल. निवड चाकूने करायची नाही, ती औषधाने आधीच केलेली असते.

१९९० च्या दशकात प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवर हे करून पाहिलं गेलं. प्रकाशाने आतड्याचं अस्तर नाहीसं करता येतं आणि खालचा स्नायू वाचवता येतो, इतकं त्यातून पुढे आलं. तुमच्या दिरांचा लेख बहुधा या कामाच्या धाग्यावर कुठेतरी बसतो.

मग घोडं कुठे अडलं? एका जागी नाही, बऱ्याच जागी. आतड्याला घड्या असतात, घडीच्या सावलीत प्रकाश कमी पडतो. त्या सावलीतला एखादा खळगा वाचला तरी मखमलीला पुन्हा पसरायला तेवढं बीज पुरतं. प्रकाश वाढवावा तर स्नायूला झळ लागते. दुसरं, या साऱ्याला ऑक्सिजन लागतो, म्हणजे त्या वेळी तुकड्यात रक्त खेळतं हवं. रक्त तर लाल प्रकाशाचा काही भाग स्वतःच गिळतं. तिसरं, मूत्राशयाचं स्वतःचं निरोगी अस्तरही हे औषध उचलतं, त्यामुळे त्यावर प्रकाश पडू न देण्याची खबरदारी घ्यावी लागते. आणि चौथं, माझ्या मते सर्वांत अवघड: मखमल गेली, मग त्या उघड्या स्नायूवर पांघरूण कशाचं? कडेचं मूत्राशयाचं अस्तर हळूहळू सरकत येतं, पण तोवर ती जागा लघवीत भिजलेल्या उघड्या जखमेसारखी असते. उघडी जखम आक्रसते. हा निसर्गाचा नियम प्रकाशानेही बदलत नाही. म्हणून काहींनी मूत्राशयाचं अस्तर प्रयोगशाळेत वाढवून चादरीसारखं पांघरायचा, काहींनी आतून फुगा ठेवून ठिगळ ताणून धरायचा विचार केला. म्हणजे एक कोडं सोडवायला गेलं की दुसरं उभं.

एक जुनी आठवण सांगतो, आमच्या शाखेला जपून पावलं टाकायला शिकवणारी. मूत्राशयाच्या कर्करोगासाठी फोटोफ्रिन नावाचं असंच प्रकाशाने जागं होणारं औषध १९९३ मध्ये कॅनडात मान्य झालं. संपूर्ण मूत्राशयाला आतून लाल प्रकाश द्यायचे. गाठींवर परिणाम व्हायचा, पण हे औषध थरांमध्ये तितका भेद करत नव्हतं. स्नायूलाही इजा व्हायची आणि काही रुग्णांचं मूत्राशय कायमचं आक्रसलं. ज्या उपचाराने मोठं मूत्राशय लहान झालेलं आम्ही पाहिलं, त्याच जातीच्या उपचाराने लहान मूत्राशय मोठं करायला निघालोय. एएलए वेगळं आहे, कबूल. पण यावर प्राण्यांनंतर माणसं, मोठ्या माणसांनंतर मुलं, आणि मग दहा वर्षांनी ठिगळ कसं आहे, हे सगळे टप्पे घाईने ओलांडता येत नाहीत. आज हे तंत्र कुठल्याही मुलाच्या नेहमीच्या उपचारात नाही.

"येईलच" या शब्दाबद्दलही जरा बोलू. २००६ मध्ये अमेरिकेतले सर्जन अँथनी अटाला आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध छापला. तुमच्या लेकीसारख्याच स्पायना बिफिडाच्या ७ रुग्णांना त्यांच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेलं मूत्राशय बसवलं होतं. तेव्हा माझ्या बाह्यरुग्ण विभागात पालक वर्तमानपत्राची कात्रणं घेऊन यायचे. "दोन-तीन वर्षं थांबू का" हा प्रश्न मी तेव्हा शब्दशः ऐकला. काही थांबलेही. मग २०१४ मध्ये तशाच पद्धतीच्या दुसऱ्या एका चाचणीचे निष्कर्ष आले: मूत्राशयाची क्षमता आणि लवचीकता अपेक्षेसारखी वाढली नव्हती आणि गंभीर गुंतागुंत मात्र झाली होती. जे थांबले त्यांतल्या एका मुलाची किडनी पुढे मीच डायलिसिसच्या डॉक्टरांकडे सोपवली. त्याच्या वडिलांनी मला कधी दोष दिला नाही. पण तेव्हा मी "थांबू नका" हे आजच्याइतकं ठणकावून सांगितलं नव्हतं, हे मला माहीत आहे.

आता तो पट्टा. तो काढून ठेवा, आजच. त्यात औषध नाही, त्यामुळे वर सांगितलेल्यातलं काहीच घडत नाही. तो सगळा वेगळाच प्रकार आहे, मंद लाल प्रकाशाने पेशी सुधारतात असं म्हणून विकला जाणारा. पोटाची कातडी, चरबी आणि स्नायू ओलांडून मूत्राशयाच्या भिंतीपर्यंत कामाचा उजेड पोचत नाही आणि पोचला तरी मज्जातंतूंमुळे आखडलेल्या भिंतीचं तो काही करणार नाही. धोका मात्र खरा आहे. या मुलांना कमरेच्या आसपास आणि खाली स्पर्श, उष्णता कमी कळते. पट्टा तापला तर तिला चटका जाणवणार नाही, तुम्हाला फोड दिसेल. दिरांचं मन मोडू नका, त्यांनी प्रेमापोटी आणलाय.

(तिसरा एक उजेडही तुमच्या कानावर येऊ शकतो म्हणून सांगून ठेवतो. निळ्या प्रकाशाची सिस्टोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मूत्राशय आतून बघणं. त्यात याच एएलएचा भाऊ मूत्राशयात सोडतात, निळा प्रकाश टाकला की कर्करोगाच्या गाठी गुलाबी-लाल चमकतात. ती फक्त बघण्याची युक्ती आहे, मोठ्यांच्या कर्करोगासाठी. तुमचा त्याच्याशी संबंध नाही.)

सर्जनना भेटाल तेव्हा काही गोष्टी मुद्दाम विचारा. औषधांचं सगळं करून झालंय ना: डोस वाढवणं, मिराबेग्रॉन हे मूत्राशय सैल करणारं दुसरं औषध जोडून पाहणं. रात्रभर कॅथेटर पिशवीला जोडून ठेवला तर ऑपरेशनची तारीख येईपर्यंत किडनीवरचा ताण कमी होईल का, हे तर नक्कीच विचारा. ही साधी गोष्ट कधी कधी फार उपयोगाची ठरते. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, चांगल्या सर्जनना त्याचा राग येत नाही. फक्त त्यात आठवडे जाऊ देत, वर्षं नकोत.

आतड्याऐवजी दुसरं काही लावता येतं का, हा प्रश्नही रास्त आहे. एखादी किडनी पूर्ण निकामी असेल आणि तिची मूत्रवाहिनी फुगून जाड झाली असेल तर ती वाहिनी उघडून ठिगळ करतात. तिचं अस्तर मूत्राशयाच्याच जातीचं असल्यामुळे चिकट स्राव नाही, आम्ल नाही. पण त्यासाठी किडनी गमावलेली असावी लागते आणि तुमच्या लेकीच्या बाबतीत तर ती वाचवायला आपण निघालोय. मूत्राशयाचा बाहेरचा स्नायू सोलून आतलं अस्तर फुगू द्यायचं, असाही एक प्रकार आहे. त्याचा टिकाऊपणा पाहून मला तरी त्याची भुरळ पडलेली नाही.

आतड्याचा कुठला भाग घेणार तेही विचारा. लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या १५-२० सेंटीमीटरला हात लावत नाहीत, कारण बी-१२ तिथे शोषलं जातं. तरी काही वर्षांनी बी-१२ तपासत राहायचं. आणि मिट्रोफॅनॉफबद्दल विचारा. पॉल मिट्रोफॅनॉफ या फ्रेंच सर्जनने १९८० मध्ये मांडलेली ही युक्ती: अपेंडिक्सची बारीक वाट करून तिचं एक टोक मूत्राशयात आणि दुसरं बेंबीत उघडायचं, म्हणजे कॅथेटर बेंबीतून जातो. मुलगी चाकाच्या खुर्चीत असेल, किंवा खालून कॅथेटर घालायला तिला आरसा आणि कसरत लागत असेल, तर या एका गोष्टीने तिचं तारुण्य बदलतं. एकाच भूल देण्यात दोन्ही होऊ शकतं.

दोन गोष्टी डॉक्टरांना माहीत असतीलच, तरी तुमच्या तोंडून जाऊ द्यात. एक, डोक्यात शंट आहे. पोटात आतडं उघडणार म्हटल्यावर शंटचं टोक जंतूंपासून जपायला हवं. दुसरी, लॅटेक्स, म्हणजे हातमोज्यांत आणि फुग्यांत असतं ते रबर. स्पायना बिफिडाच्या मुलांमध्ये लॅटेक्सची ॲलर्जी फार आढळते. फुगा फुगवताना ओठ खाजले, सुजले असं कधी झालंय का, आठवा. झालं नसलं तरी ऑपरेशन थिएटर लॅटेक्सविना ठेवायला सांगा आणि घरचे कॅथेटरही सिलिकॉन किंवा पीव्हीसीचेच ठेवा.

नंतरच्या आयुष्याबद्दल मी गोड बोलणार नाही. ऑपरेशननंतर साधारण तीन आठवडे नळ्या राहतील. मग कॅथेटर आयुष्यभर, वेळेवर. रोज एकदा सलाइनने मूत्राशय धुवायचं, खळखळून, पाणी स्वच्छ येईपर्यंत. खडे आणि जंतू टाळायचा याहून चांगला उपाय मी पाहिलेला नाही. वॉर्डातल्या सिस्टर तो हातात धरून शिकवतील. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू जवळजवळ नेहमीच सापडतील. ताप नाही, त्रास नाही, तर दर वेळी अँटिबायोटिक देऊ नका. हा मोह पालकांनाही होतो आणि डॉक्टरांनाही. वर्षातून एकदा सोनोग्राफी आणि रक्त. बऱ्याच वर्षांनंतर ठिगळाच्या जोडावर कर्करोगाचा छोटा धोका असतो, म्हणून लघवीतून रक्त गेलं तर ते कधीच अंगावर काढायचं नाही.

आणि एक धोका असा आहे की तो कागदावर लिहून फ्रीजला चिकटवा. ठिगळ लावलेलं मूत्राशय फार ताणलं तर फुटू शकतं. बहुतेक वेळा गोष्ट एकच असते: सहल, वाढदिवस, मैत्रिणींसमोर लाज, दोन वेळा कॅथेटर चुकलेला. पोट फुगलं, उलट्या, ताप, खांदा दुखतोय, आणि कॅथेटरमधून लघवी नेहमीपेक्षा कमी, तर थेट इमर्जन्सी. हिला पोटातलं दुखणं कमी कळतं, म्हणून "फार दुखत नाही" यावर विसंबू नका. तिथल्या डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगायचं: "हिच्या मूत्राशयाला आतडं जोडलेलं आहे, ते फुटलंय का ते बघा, आणि शंट आहे."

म्हणून मी तुमच्या पत्रातलं एक वाक्य पुन्हा वाचलं: "आता ती स्वतः करायला शिकते आहे." ऑपरेशनआधी हे शिकणं पुरं होऊ द्या. सर्जनच्या टाक्यांपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते. १५ व्या वर्षी ती चिडेल, कंटाळेल, खोटं सांगेल की घातला कॅथेटर. तेव्हा हात आईचा नको, सवय तिची हवी.

राहता राहिला तिचा प्रश्न. खरं म्हणजे पत्रात सर्वांत नेमका प्रश्न तिनेच विचारलाय. तिला सांगा: नाही, शीचा वास येणार नाही. जो तुकडा घेतात तो लहान आतड्याचा असतो, शी जिथे बनते त्या मोठ्या आतड्याचा नाही. तो आतून स्वच्छ धुऊन घेतात. जेवणाची वाट दुसरीकडून जोडून घेतल्यामुळे त्यात पुन्हा अन्न कधीच जात नाही. लघवीला घाण वास आलाच तर तो आतड्याचा नसतो, जंतूंचा असतो, आणि तसं झालं तर आईला लगेच सांगायचं. पहिले काही महिने कॅथेटरमधून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे धागे येतील. तिने "ई!" म्हटलं तर म्हणू दे. सर्जनच्या ओळखीत हे ऑपरेशन झालेली एखादी मोठी मुलगी असेल आणि ती तयार असेल, तर दोघींची गाठ घालून द्या आणि तुम्ही खोलीबाहेर थांबा. तिच्या यादीत तुम्हाला न सांगितलेले अजून चार प्रश्न नक्की असणार.